तिसऱ्या वेळी सीतामाई परतली नाही



दिवसभराची कामं आटोपून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणाच्या पुढ्यात निवडायची डाळ असेल, कुणाच्या मांडीवर लेकरू असेल. आज मी बचतीचा हिशोब सांगणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही बोलणार नाही. आज सीतामाईबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, सीतामाईची गोष्ट आम्हाला काय सांगता? आजीच्या मांडीवर ऐकली, कीर्तनात ऐकली, टीव्हीवर पाहिली. खरं आहे. पण एका गटाच्या बैठकीत असं काही घडलं की मला ती गोष्ट पुन्हा उघडून बसावं लागलं.

गटातली एक बाई तीन बैठकांना आली नव्हती. बँकेच्या कामाला गेली, बस चुकली, घरी यायला रात्रीचे आठ वाजले. नवऱ्याच्या मनात संशय शिरला. सासरच्या चार माणसांनी तिला देवळात नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. तिने उचलला. शपथ घेतली. सगळे म्हणाले, झालं, मिटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच संशय, पुन्हा तोच प्रश्न. मग एका सकाळी तिला सांगितलं, तुला जायचं तिकडे जा. ती एक पिशवी घेऊन आमच्या बैठकीत येऊन बसली.

बैठकीत कुणीतरी तिची समजूत घालायला म्हणालं, "बाई, सीतामाईलाही परीक्षा द्यावी लागली, आपण कोण?" त्यावर कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी आजी बोलली, "मले एक सांगा वं बायांनो, सीतामायच्या नावावर एखादी खोली असती, तं ते जंगलात गेली असती का?"

सगळ्या गप्प झाल्या. मीही गप्प झाले. घरी आले आणि वाल्मीकी रामायणाचा मराठी अनुवाद काढून वाचत बसले. जे वाचलं ते आज तुम्हाला सांगते. श्रीरामांवर आपली श्रद्धा आहे, ती मोडावी म्हणून मी हे बोलत नाही. सीतामाईवरही आपली श्रद्धा आहे, म्हणून बोलते. तिच्यासोबत काय घडलं आणि ती काय बोलली, हे ग्रंथातच लिहिलेलं आहे. आपण ते नीट ऐकत नाही, एवढंच.

आधी तिचं नाव पाहा. सीता म्हणजे नांगराने जमिनीत पडलेलं तास. जनक राजा जमीन नांगरत होता, तेव्हा त्या तासात त्याला ही मुलगी सापडली. म्हणून नाव सीता. म्हणजे ती आपलीच, शेतातली. धरणी ही तिची आई. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

रामाला वनवास झाला, तो रामाला झाला होता. सीतेला कुणी जा म्हटलं नव्हतं. राम तर तिला घरीच राहा म्हणत होते. ती हट्टाने सोबत गेली. पुढे रावणाने तिला पळवून नेलं. लंकेत त्याने तिला बारा महिन्यांची मुदत दिली. हनुमान तिला अशोकवनात भेटला तेव्हा त्यातले दोन महिने उरले होते. हनुमान म्हणाला, माझ्या पाठीवर बसा, आत्ता घेऊन जातो. ती नाही म्हणाली. परक्या पुरुषाला आपणहून स्पर्श करणार नाही, आणि रामांनी स्वतः येऊन मला न्यावं, त्यातच त्यांची शोभा आहे, असं तिचं म्हणणं होतं. जीव धोक्यात असताना या बाईने नवऱ्याच्या मानाचा विचार केला.

आता युद्ध संपतं. रावण मरतो. इथे पहिली परीक्षा येते.

युद्धकांडात लिहिलं आहे, सीतेला आहे त्या कपड्यांत धावत जाऊन रामांना भेटायचं होतं. पण निरोप आला, न्हाऊन, दागिने घालून या. ती तशी आली. तिला पालखीतून उतरवून सगळ्या सैन्यासमोर पायी चालायला लावलं. आणि मग राम जे बोलले ते ऐकून अंगावर काटा येतो. ते म्हणाले, मी हे युद्ध माझ्या अपमानाचा बदला घ्यायला, माझ्या कुळाच्या इभ्रतीसाठी केलं, तुझ्यासाठी केलं नाही. डोळे दुखणाऱ्याला दिवा सहन होत नाही, तशी तू मला समोर सहन होत नाहीस. दाही दिशा मोकळ्या आहेत, हवं तिकडे जा. लक्ष्मणाकडे राहा, भरताकडे राहा, सुग्रीवाकडे नाही तर बिभीषणाकडे राहा.

बायांनो, 'हवं तिकडे जा' हे वाक्य किती जुनं आहे ते पाहिलंत?

आपल्याला वाटतं सीता मुकाट्याने आगीत गेली. तसं नाही. ती आधी बोलली, आणि चांगलं ठणकावून बोलली. तिच्या बोलण्याचा अर्थ असा की, एखादा सामान्य माणूस सामान्य बाईला बोलतो तसं तुम्ही मला बोलता आहात. माझं शरीर दुसऱ्याच्या ताब्यात होतं, त्यात माझा काय दोष? मन माझ्या ताब्यात होतं, ते तुमच्यापाशीच होतं. आणि मला टाकायचंच होतं तर हनुमानाला पाठवलंत तेव्हाच तसा निरोप का नाही दिला? मी तेव्हाच जीव दिला असता, मग तुम्हाला आणि तुमच्या मित्रांना एवढे कष्ट कशाला पडले असते? आपण इतकी वर्षं सोबत काढली, त्याचं काहीच मोल नाही का?

या प्रश्नांना उत्तर मिळालं नाही. मग तिने लक्ष्मणाला सांगितलं, चिता रच. ती आगीत शिरली. अग्निदेवाने तिला उचलून आणलं आणि ती शुद्ध असल्याची साक्ष दिली. तेव्हा राम म्हणाले, मला ठाऊकच होतं, पण लोकांना पटायला हवं होतं.

लोकांना पटायला हवं होतं. त्यासाठी आग तिच्यासाठी पेटली. तितकेच दिवस रामही तिच्यापासून दूर होते, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही.

यावर कुणी म्हणेल, चला, परीक्षा झाली, देवाने साक्ष दिली, आता तरी मिटलं. इथेच आमच्या गटातल्या बाईचा बेलभंडार आठवतो. एकदा पुरावा दिला की प्रश्न मिटत नाही. पुरावा मागायचा हक्क मात्र पक्का होतो.

उत्तरकांडात दुसरी वेळ येते. राम राजा झाले, सीतेला दिवस गेले. तिला ऋषींचे आश्रम पाहायचे डोहाळे लागले. त्याच सुमारास राम आपल्या जवळच्या माणसांना विचारतात, गावात आपल्याबद्दल काय बोलतात? भद्र नावाचा माणूस सांगतो, चौकाचौकांत, बाजारात लोक म्हणतात की रावणाने उचलून नेलेली बायको राजाने घरात घेतली. आता आपल्यालाही आपल्या बायकांचं असं काही खपवून घ्यावं लागेल. राजा करतो तसं प्रजा करते.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. आपण लहानपणापासून ऐकलं की एका परिटाच्या बोलण्यावरून रामाने सीतेला टाकलं. वाल्मीकींच्या ग्रंथात तो परीट नाहीच. तो पुढच्या काळातल्या कथांमधून आला. मूळ ग्रंथात सगळं गाव बोलत होतं, बाजार बोलत होता, राजाच्या भोवतीची माणसं ते ऐकत होती. पुढे सांगणाऱ्यांनी सगळ्या गावाचं पाप एका कष्टकरी जातीच्या माणसाच्या डोक्यावर टाकलं आणि बाकीचे मोकळे झाले. आपल्या गावातही कुचाळकी सगळे करतात आणि निस्तरायची वेळ आली की नाव एखाद्या गरिबाचं पुढे होतं.

राम भावांना बोलावतात. म्हणतात, माझं मन सांगतं सीता शुद्ध आहे. तरीही तिला राज्याबाहेर नेऊन सोडा. आणि यावर कुणी माझ्याशी वाद घालू नका. मैत्रिणींनो, लंकेत निदान सीतेला तोंडावर बोलले होते, तिला उत्तर देता आलं होतं. इथे तिला काही विचारलंही नाही, सांगितलंही नाही. आश्रम पाहायला चाललो, असंच तिला वाटत होतं. ऋषींच्या बायकांना द्यायला तिने लुगडी आणि दागिने सोबत घेतले होते. हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला. माहेरी निघालेली बाई जशी पिशवी भरते, तशी ती पिशवी भरून निघाली होती.

गंगा ओलांडल्यावर लक्ष्मणाने रडत रडत खरं सांगितलं. ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, आश्रमातले लोक विचारतील की तुला नवऱ्याने का टाकलं, काय गुन्हा केलास, तर मी काय सांगू? गंगेत उडी घेतली असती, पण पोटात त्यांच्या वंशाचं मूल आहे. मी गरोदर आहे हे तू डोळ्यांनी पाहून जा, असंही ती लक्ष्मणाला म्हणाली. हे वाक्य का म्हणाली असेल? कारण एकदा संशयाचा अनुभव आलेली बाई होती ती. उद्या पोरांवरही बोट उचललं जाईल, हे तिला कळत होतं.

वाल्मीकींनी तिला आश्रमात नेलं, तिथल्या तपस्विनींच्या हवाली केलं. लव-कुश तिथे जन्मले. जिच्या नवऱ्याचं एवढं मोठं राज्य, तिचं बाळंतपण परक्या बायकांनी केलं.

मग वर्षं गेली. रामांनी अश्वमेध यज्ञ मांडला. यज्ञाला पत्नी लागते, म्हणून सीतेची सोन्याची मूर्ती करून शेजारी ठेवली. ही गोष्ट रामांच्या प्रेमाची खूण म्हणून सांगतात, की त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. ते खरंच आहे. पण सीतेच्या बाजूने पाहा. सोन्याची सीता चालते, कारण ती काही बोलत नाही आणि तिच्याबद्दल गाव काही बोलत नाही. हाडामांसाची सीता रानात.

त्या यज्ञात लव-कुश येऊन रामायण गातात. रामांना कळतं ही आपली मुलं. निरोप जातो, सीतेने यावं आणि सगळ्या सभेसमोर आपल्या शुद्धतेची शपथ घ्यावी. ही तिसरी वेळ. वाल्मीकी पुढे आणि मागे मान खाली घालून सीता, अशी ती सभेत येते. वाल्मीकी आपल्या हजारो वर्षांच्या तपाची पैज लावून सांगतात, ही निर्दोष आहे. राम म्हणतात, माझा तुमच्यावर विश्वास आहे, तिच्यावरही आहे. तरी सभेसमोर होऊन जाऊ दे.

सीतेच्या अंगावर भगवं वस्त्र होतं. तिने हात जोडले आणि म्हणाली, मी रामाशिवाय कुणाचा विचार मनात आणला नसेल तर धरणीमातेने मला जागा द्यावी. जमीन दुभंगली, सिंहासन वर आलं, आईने लेकीला कवेत घेतलं आणि ती गेली.

तिने शपथ घेतली, पण पुन्हा नांदायला येण्यासाठी घेतली नाही. पहिल्या वेळी तिने पुरावा दिला आणि परत आली. तिसऱ्या वेळी पुरावा दिला आणि परतली नाही. मग राम रडले, धरणीवर चिडले, माझी सीता परत दे म्हणाले. उशीर झाला होता. गुन्हा तिचा नव्हता, हे सगळ्या सभेला कळलं. पण ते कळून घ्यायला ती तिथे उरली नव्हती.

आता एक शंका येते. जाणकार मंडळी म्हणतात, रामायणाची सात कांडं आहेत, त्यातलं शेवटचं उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे. पुष्कळ अभ्यासकांचं तसं मत आहे. मग सीतात्याग घडलाच नाही असं म्हणावं का? पण आगीची परीक्षा उत्तरकांडात नाही, ती युद्धकांडात आहे. आणि मागाहून जोडलं असलं तरी शेकडो वर्षं लोकांनी ते खरं मानून ऐकलं, त्यावरून आपल्या सुनांना वागायला शिकवलं. त्याचा परिणाम खराच आहे.

मला यातून दुसरीच गोष्ट दिसते. सीतेवरचा अन्याय जुन्या मोठमोठ्या माणसांनाही बोचत होता. महाभारतातही रामाची गोष्ट थोडक्यात येते, वनपर्वात. तिथे राम कठोर बोलतात, पण आग पेटत नाही. वायू, अग्नी, वरुण, ब्रह्मदेव येऊन साक्ष देतात आणि तेवढ्यावर भागतं. कालिदासाने रघुवंश लिहिला, त्यात वाल्मीकी ऋषी सीतेला उघड सांगतात की रामाने कितीही मोठी कामं केली असली तरी तुझ्याशी असा वागला म्हणून माझा त्याच्यावर राग आहे. भवभूती हा तर आपल्या विदर्भातला, पद्मपूरचा. आठव्या शतकात त्याने उत्तररामचरित नाटक लिहिलं. त्यात वनदेवता रामाला जाब विचारते आणि शेवटी राम-सीतेची भेट होते. सीता जमिनीत गेली हा शेवट त्याला सोसला नसावा. तुलसीदासांनी सोळाव्या शतकात रामचरितमानस लिहिलं, त्यात सीतात्यागाची कथा गाळली. रावणाने नेली ती खरी सीता नव्हती, तिची सावली होती, अशीही कथा त्यांनी घेतली. म्हणजे एकाने आग काढली, एकाने राग बोलून दाखवला, एकाने शेवट बदलला, एकाने तो भागच सोडला. सगळ्यांना कुठेतरी खुपत होतं.

बंगालमध्ये सोळाव्या शतकात चंद्रावती नावाच्या बाईने रामायण रचलं. तिने युद्धाला फार जागा दिली नाही. तिची गोष्ट सीतेच्या सुखदुःखाची आहे. बाई सांगायला बसली की गोष्ट घरातून दिसते, रणांगणातून दिसत नाही.

आपल्याकडच्या बायांनी काय केलं? त्यांना लिहिता येत नव्हतं, जातं होतं. पहाटे उठून दळताना त्यांनी ओव्या गाइल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यात सीतेच्या ओव्या पुष्कळ आहेत. त्या ओव्यांमधली सीता राजाची राणी नाही. ती सासुरवाशीण आहे. कैकेयी ही तिची छळणारी सासू आहे. रानात ती एकटी रडते तेव्हा बोरी आणि बाभळी बाया होऊन तिची समजूत घालतात. आणि एका ओवीत तर म्हटलं आहे, सीतेने आपला सासुरवास सगळ्या सयांना देशोदेशी वाटून दिला. म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

ज्या काळात बाईला स्वतःचं दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती, त्या काळात तिने सीतेचं नाव घेऊन ते सांगितलं. सासूही समोर बसून ऐकत असणार, आणि तिला बोलता येत नसणार, कारण देवाची ओवी आहे. आपल्या आज्या हुशार होत्या.

आता रावेरीला जाऊ या. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे. शेजारी राम नाहीत. एकट्या सीतेचं देऊळ. तिथली माणसं सांगतात, टाकलेली सीता इथे आली, इथेच लव-कुश झाले. बाळंतीण होती, पोटात अन्न नव्हतं. तिने गावात मूठभर गहू मागितले. गावाने दिले नाहीत. तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. आणि पुष्कळ वर्षं तिथे गहू घेत नव्हते, असं सांगतात. आता घेतात.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून ती मी सांगत नाही. पण ती काय म्हणते ते पाहा. पोथीत सीता शाप देत नाही. रावेरीच्या गोष्टीत देते, आणि तो रामाला देत नाही, गावाला देते. टाकलेल्या बाईला मूठभर गहू न देणाऱ्या गावाला. नवऱ्याने टाकलं हा एक अन्याय, आणि गावाने दार लावून घेतलं हा दुसरा. पोथी लिहिणाऱ्यांनी दुसऱ्याकडे फार पाहिलं नाही. गावातल्या माणसांनी ते लक्षात ठेवलं आणि स्वतःवरचा शाप म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांचं या देवळाकडे लक्ष गेलं आणि त्याचा जीर्णोद्धार झाला. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं होतं. त्यानंतर काही वर्षांत संघटनेने लक्ष्मीमुक्ती नावाचं काम हाती घेतलं. विचार सरळ होता. शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी सरकारला म्हणतो, आमचं देणं द्या. मग घरच्या लक्ष्मीचं देणं त्याने आधी द्यायला नको का? नवऱ्याने आपल्या शेतातला एक तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर किंवा जास्त घरांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुष्कळ गावांमधल्या शेतकऱ्यांनी आपणहून तसं करून दाखवलं. मैत्रिणींनो, हे करणारे पुरुष होते, शेतकरी होते, देवाधर्माचे होते. म्हणजे होऊ शकतं.

आता आमच्या आजीचा प्रश्न पुन्हा आठवा. सीतामाईच्या नावावर एखादी खोली असती तर? पोथीतले तिन्ही प्रसंग पाहा. पहिल्या वेळी तिला म्हणाले, हवं तिकडे जा. दुसऱ्या वेळी न सांगता नेऊन सोडलं. अयोध्येचं राज्य होतं, पण त्यातली एक ओसरीही तिची नव्हती. तिसऱ्या वेळी तिने स्वतः जागा मागितली, आणि ती आईने, जमिनीने दिली. जिचं नावच नांगराचं तास, तिला जमिनीचा आधार मिळाला तो जमिनीत गडप होण्यासाठी. आपल्याला जमिनीवर उभं राहण्यासाठी तो हवा आहे.

म्हणून आता काही कामाच्या गोष्टी सांगते. नीट ऐका, आणि गटात बोला.

एक. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो, कायद्याच्या रीतीशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. आज कुणी 'हवं तिकडे जा' म्हणालं तर ते नुसतं कठोर बोलणं नाही, कायद्याविरुद्ध आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. 181 ही महिलांची मदतवाहिनी आहे, तातडीचं असेल तर 112. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा केंद्रातून बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो.

दोन. घर आणि शेत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवऱ्याच्या जोडीला बायकोचं नाव लावता येतं. लक्ष्मीमुक्तीच्या नावाने महसूल खात्याचीही योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडे विचारा. एकटीने जाऊ नका, चौघी जा.

तीन. मुलीचा वाटा. महाराष्ट्रात 1994 पासून आणि साऱ्या देशात 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क आहे. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. पण हक्कसोड पत्रावर सही करायच्या आधी वाचा, न येत असेल तर वाचून घ्या. ती सही म्हणजे आपल्या हाताने आपलं माहेर बंद करणं ठरू शकतं.

चार. शपथ आणि परीक्षा. काही वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात एका बाईला पावित्र्य सिद्ध करायला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावल्याची बातमी आली होती. म्हणजे अग्निपरीक्षा पोथीतच राहिलेली नाही. जातपंचायतीच्या अशा जाचाविरुद्ध आणि वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. आणि देवळातला बेलभंडार असो की पंचांसमोरची शपथ, गटातल्या कुणावर ती वेळ आली तर तिच्यासोबत आपण जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: हिला विचारता, मग त्यालाही विचारणार का?

आमच्या गटातल्या त्या बाईचं काय झालं, हे तुम्हाला विचारायचं असेल. तिला पहिल्या रात्री आजीने आपल्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी गटातल्या सहाजणी तिच्यासोबत तिच्या घरी गेल्या. आवाज चढले, पाणीही कुणी विचारलं नाही. मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आज ती त्याच घरात राहते आहे. नवरा अजून धड बोलत नाही. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण बैठकीला ती येते, आणि उशीर झाला तर सोबत दोघी घरापर्यंत जातात. घराच्या उताऱ्यावर नाव लावायचा अर्ज तिने भरून ठेवला आहे. नवऱ्याची सही अजून बाकी आहे.

रावेरीची गोष्ट ऐकल्यावर मला एकच वाटतं. सीतामाईच्या काळात गंगेकाठी आश्रमातल्या बाया होत्या म्हणून ती तगली. त्या नसत्या तर लव-कुश नसते, आणि रामायण गाणारं कुणी नसतं. त्या बायांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. पण त्यांनी दार उघडलं.

उद्या तुमच्या दारात कुणी एक पिशवी घेऊन आली, तर काय केलं तुझ्या हातून, असं आधी विचारू नका. आधी घरात घ्या. मूठभर गहू द्या. बाकीचं सकाळी बघू.

राम राम, मैत्रिणींनो. आणि जय सीतामाई.